पालकाला कूलर

"हवा मोजता म्हणजे नेमकं काय करता हो तुम्ही?" हा प्रश्न मला नोकरीभर छळत आला. एसटीत विचारला, दवाखान्याच्या बाकड्यावर विचारला. माझ्या मुलीला बघायला मंडळी आली तेव्हाही मुलाच्या वडिलांनी मुलीला एक शब्द विचारला नाही, पोह्यांची बशी हातात धरून मलाच हे विचारत बसले. लग्न जमलं, पण हवा कशी मोजतात ते त्यांना आजही कळलेलं नाही. आता निवृत्त होऊन अकोल्यात निवांत आहे, तर एकदाचं उत्तर देऊन टाकते.

मी अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत ठिकठिकाणी आमची यंत्रं असायची. यंत्राने हवा ओढायची आणि त्या हवेत काय मिसळलंय ते आम्ही शोधायचं, एवढंच काम. धूळ असेल तर ती गाळणीच्या कागदावर बसते. कागद आधी तोलायचा, नंतर तोलायचा, जो फरक येईल ती धूळ. वायू असेल तर तो बाटलीतल्या द्रावणात विरघळतो, द्रावणाला रंग चढतो, आणि रंग किती गडद यावरून वायू किती ते कळतं. ऐकायला सोपं आहे. करायला घेतलं की माणसं मध्ये येतात.

कारण यंत्राला गच्ची लागते. सरकारी इमारतीची गच्ची मिळाली तर जिन्याला कुलूप आणि किल्लीवाला रजेवर. म्हणून आम्ही लोकांच्या घरांच्या गच्च्या मागायचो. लोक द्यायचे, वर चहाही द्यायचे. अकोल्यात एका बाईंनी आमच्या यंत्राशेजारी वर्षाच्या मिरच्या वाळत घातल्या होत्या. कागद लालभडक आला आणि तो तोलताना मी शिंकून शिंकून अर्धी झाले. बाळापूरचे एक काका बाहेर पडताना यंत्र बंद करून जायचे. घरात कोणी नसताना परकी वस्तू चालू ठेवणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. अशा माणसांवर रागवायचं कसं? मी रागवायचे, पण चहा पिऊन झाल्यावर.

तर आता गोष्ट सांगते ती अमरावतीच्या पूर्वेला, मोझरीच्या रस्त्यावरच्या एका वावराची, म्हणजे शेताची. नोकरीतली शेवटची दोन-तीन वर्षं राहिली होती तेव्हाची.

त्या वर्षी आमच्याकडे ओझोन मोजायचं यंत्र आलं. ओझोन म्हणजे तसा ऑक्सिजनच, फक्त दोनाच्या जागी तीन अणू एकत्र आलेले. तो तिसरा अणू भारी अस्वस्थ असतो, ज्याला भेटेल त्याच्या अंगाला चिकटतो. आकाशात खूप उंचावर ओझोन असतो तेव्हा तो उन्हातले वाईट किरण अडवतो, त्याचे उपकारच म्हणायचे. पण तोच खाली आपल्या नाकाशी आला की छातीला बाधतो आणि झाडाची पानं भाजतो. बरं, हा कुठल्याही धुराड्यातून निघत नाही. गाड्यांचा धूर, पेट्रोलची वाफ, जाळलेला कचरा, वावरात पेटवलेल्या पराट्या म्हणजे कापसाची वाळकी झाडं, हे सगळं हवेत चढतं आणि वरून आमचं वऱ्हाडचं ऊन. त्या उन्हात हे मिश्रण तासन् तास शिजतं, तेव्हा ओझोन तयार होतो. तेवढ्या वेळात वारा त्याला शहराच्या बाहेर घेऊन गेलेला असतो. आणि चौकात गाड्यांचा ताजा धूर असतो, तो तिथला ओझोन खाऊन टाकतो. म्हणून धूर चौकात आणि ओझोन वावरात. विरजण शहरात लागतं आणि दही गावाबाहेर जमतं, असं मी प्रयोगशाळा बघायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगायचे.

पुस्तकात हे मी वाचलं होतं. पण पुस्तकातली गोष्ट आपल्या मोझरी रोडला घडेल असं कोणाला वाटतं? आमचे साहेब, देशमुख सर, यांना शहराशी तुलना करायला एक स्वच्छ हवेची जागा हवी होती. मी शोधून दिली. रस्त्यापासून आत, आजूबाजूला वावरंच वावरं, आणि वीज असलेली टिनाच्या छपराची एक खोली. खोली वानखडे गुरुजींची. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले होते. बायको वारलेली, मुलगा नागपूरला, म्हणून गुरुजी दिवसभर वावरातच असायचे. मी यंत्र ठेवलं, त्याची पांढरी नळी खिडकीतून बाहेर काढली. गुरुजींनी नळीकडे पाहून विचारलं, हे वास घेतं का? मी म्हटलं, तसंच समजा. त्या दिवसापासून ते यंत्राला 'नाकवाले पाहुणे' म्हणायला लागले.

गुरुजींच्या धुऱ्यापलीकडे शेवंताबाई राऊतांचं वावर. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. बाई जातीने माळी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि बाईंनी एकटीने भाजीपाला पिकवून दोन मुली उजवल्या होत्या. त्यांचा पालक अमरावतीच्या बाजारात नावाने विकला जायचा. गिऱ्हाईक विचारायचं, शेवंताबाईचा आहे का? असेल तर भाव न करता घ्यायचं.

दोघांच्या धुऱ्यावर एक विहीर होती, अर्धी इकडच्या हद्दीत, अर्धी तिकडच्या. ती शेवंताबाईंच्या सासऱ्यांनी आणि गुरुजींच्या वडिलांनी मिळून खणली होती. गुरुजींच्या वडिलांनी छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतलेली. कोणी कुठल्या पाणवठ्यावर जायचं यावरून माणसं एकमेकांची तोंडं बघत नव्हती, त्या दिवसांत एका माळ्याने आणि एका बौद्धाने एकाच खड्ड्यात उतरून पहारी मारल्या होत्या. गुरुजी हे फार बोलायचे नाहीत. पण नव्या माणसाला ते आधी विहीर दाखवायचे, मग बसायला खाट द्यायचे. पाण्याची बारी तेव्हाच ठरलेली, एक दिवस ह्यांची, एक दिवस त्यांची. दोन पिढ्यांत त्यावरून कधी आवाज चढला नव्हता.

त्या उन्हाळ्याच्या तोंडी गुरुजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पीक घेणं शक्य नव्हतं, वावर पडीक राहिलं. मग त्यांनी शेवंताबाईंना सांगितलं की वयनी, माझ्या बारीचं पाणीही तुम्हीच घ्या. बाईंना आनंद झाला. पालक रोज पाणी प्यायला लागला, पानं तळहाताएवढी झाली.

आणि मार्च सरता सरता त्या पानांवर डाग आले.

बारीक बारीक, पांढरट-तपकिरी ठिपके, जसे कोणी वरून राखेची चिमूट टाकली. बाजारात गिऱ्हाईक जुडी उचलायचं, पान बघायचं आणि ठेवून द्यायचं. औषध मारलेला पालक आहे, असं एक जण बोलला, दुसऱ्याने ऐकलं, आणि ज्या बाईंचा माल आधी संपायचा त्यांचं टोपलं भरलेलं घरी यायला लागलं. शेवंताबाईंनी आजूबाजूला पाहिलं. कोणाच्याच वावरावर काही नव्हतं. फक्त त्यांच्याच पालकावर. आणि गुरुजींनी हिवाळ्यात आपल्या वावरातल्या गाजर गवतावर तणनाशक मारलं होतं, ते त्यांनी स्वतः पाहिलेलं. झालं. फवारा उडून आला असणार, असं त्यांनी ठरवलं आणि गुरुजींना तसं तोंडावर सांगितलं. गुरुजी म्हणाले, अहो तीन-चार महिने झाले त्याला. बाईंनी ऐकलं नाही आणि त्यांच्या बारीचं पाणी घेणं बंद केलं.

खरी फजिती पुढेच झाली. पाणी अर्ध्यावर आल्यावर नव्या पानांवरचे डाग कमी झाले.

आता तुम्हीच सांगा, बाईंनी काय समजायचं? त्यांचं पाणी घेतलं तेव्हा डाग, बंद केलं तर डाग कमी. मी तिथे असते तर मीही तेच म्हटलं असतं. गावातल्या दोन-चार रिकामटेकड्यांना तेवढंच पुरलं. मास्तरच्या बारीला पाण्यात काहीतरी पडतं, असं बोलणं सुरू झालं. विहीर वेगळी करा, पंचायत बोलवा, पोलिसात द्या. आणि कुजबुजीत तो जुना सूरही आला, जो छप्पन सालानंतर त्या विहिरीपुरता तरी गेला होता. शेवंताबाई हे सगळं ऐकून घ्यायच्या. इतकी वर्षं 'गुरुजी' म्हणणाऱ्या बाई आता 'थो मास्तर' म्हणायला लागल्या होत्या.

गुरुजींनी भांडण केलं नाही. त्यांनी एकच केलं. शेवंताबाई वावरात आल्या की ते काठी टेकत विहिरीवर जायचे, तांब्या भरून पाणी काढायचे आणि त्यांना दिसेल अशा जागी उभं राहून सगळं प्यायचे. रोज. मला हे त्यांनी सांगितलं नव्हतं, मी एकदा पाहिलं. त्या गुडघ्याने तिथवर चालणं म्हणजे चेष्टा नव्हती.

इकडे आमच्या प्रयोगशाळेत वेगळाच घोळ. स्वच्छ हवेच्या जागी ओझोन शहराच्या चौकापेक्षा जास्त येत होता. थोडा जास्त नाही, चांगलाच. देशमुख सर म्हणाले, तायडे मॅडम, तुमचं यंत्र बिघडलं. मी यंत्र तपासलं, नळी बदलली, शुद्ध हवा सोडून आकडा शून्यावर येतो का ते पाहिलं. सगळं ठीक. तरी दुपारी आकडा वर चढायचा तो चढायचाच. मग सरांनी निदान केलं की टिनाखालच्या उकाड्याने यंत्राला भोवळ येत असणार. मलाही ते पटण्यासारखं वाटलं, कारण त्या खोलीत मलाच भोवळ यायची. मी गुरुजींना सहज बोलून गेले की पाहुणे उन्हाने चुकीचं बोलून राहिले.

त्यानंतरच्या आठवड्यापासून आकडे एकदम खाली आले. सर खूश. मागचे सगळे आकडे रद्द करायचं ठरलं, अहवालात 'यंत्रातील दोष' असं लिहायचंही ठरलं. मी शेवटचं एकदा बघून यायचं म्हणून गेले.

खोलीजवळ पोचले तर वाळ्याचा घमघमाट. खिडकीला वाळ्याची मोठी ताटी बांधलेली, वर मडकं, मडक्याच्या भोकातून पाणी ताटीवर टिपटिप गळतंय, आणि आमची पांढरी नळी त्या ओल्या ताटीच्या आत सुखाने विसावलेली. गुरुजी खाटेवर बसून हसत होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पाहुण्याला जे देतात ते त्यांनी यंत्राला दिलं होतं, थंडावा. मडक्यात पाणी ते रोज स्वतः भरत होते.

मी आधी कपाळावर हात मारला. मग एकदम थांबले. ओझोन ओल्या काडीला, वाळ्याच्या तेलाला, कशालाही चिकटून संपतो. ताटीतून गाळून आलेल्या हवेत तो उरणार कुठून? मी नळी ताटीबाहेर ओढली आणि गुरुजींना म्हटलं, आकडा बघा. आकडा चढायला लागला. नळी आत घातली, उतरला. पुन्हा बाहेर, पुन्हा चढला. शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस तो, त्यांना समजवावं लागलं नाही.

"म्हणजे पाहुणे खरं बोलत होते," ते म्हणाले, "अन् आपणच त्यायच्या तोंडावर पदर टाकला."

मी खोलीबाहेर आले आणि पहिल्यांदाच त्या वावरांकडे नीट पाहिलं. वारा पश्चिमेचा. अख्ख्या अमरावतीचा धूर उन्हात शिजून इकडेच येत होता. मधे कुठे कुठे पराट्या पेटलेल्या. आणि ह्या सगळ्या करपलेल्या रानात हिरवं असं एकच होतं, धुऱ्यापलीकडचा पालक. मी धुरा ओलांडून गेले आणि एक पान तोडलं. ठिपके पानाच्या वरच्या अंगाला, शिरांच्या मधे. जुन्या पानांवर जास्त, कोवळी पानं स्वच्छ. तणनाशक लागलं असतं तर पान वाकडं झालं असतं, पिळलं असतं. हे पान सरळ होतं. असं चित्र मी एका प्रशिक्षणात पाहिलं होतं, ओझोनने भाजलेल्या पानाचं.

शेवंताबाई खुरपं घेऊन समोर उभ्या. मी सांगायला लागले की हे औषध नाही, पाणी नाही, ही हवा आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि असा प्रश्न विचारला की तो मला परीक्षेतही कोणी विचारला नव्हता.

"हवा तं सगळ्यायच्याच वावरात हाये, मॅडम. मंग माह्याच पालकावर काहून?"

उत्तर मला माहीत होतं. पानाला बारीक तोंडं असतात, त्यातून ते हवा घेतं. भरपूर पाणी मिळालेलं पान ती तोंडं उघडी ठेवतं, तहानलेलं पान मिटून घेतं. तुमच्या पालकाला पाणी दुप्पट होतं म्हणून त्याने वारा दुप्पट ओढला आणि त्याच्यासोबत हे विषही. पाणी कमी केलं, तोंडं मिटली, डाग कमी झाले. बाकीच्यांच्या वावरात हिरवं आहेच काय डाग पडायला? मी हे सगळं जीव तोडून सांगितलं. बाई म्हणाल्या, तुमचं मशीन मास्तरच्या घरात, तुम्ही चहा मास्तरचा पिता, तुम्ही मास्तरचीच बाजू घेणार. आणि खुरपं घेऊन वाफ्यात बसल्या. मला राग आला नाही. त्यांचा टोपलंभर माल रोज परत येत होता आणि मी त्यांना न दिसणाऱ्या वायूची गोष्ट सांगत होते.

परत आले आणि प्रयोगशाळेत बसून विचार करत होते, तेव्हा कूलर आठवला. वऱ्हाडात घर तिथे कूलर. त्याच्या जाळ्यांतलं गवत काढलं आणि तिथे कोळसा भरला तर? चांगला प्रक्रिया केलेला कोळसा ओझोन धरून ठेवतो, आम्ही तो वायूंच्या कामाला वापरायचोच. वाफ्यावर प्लास्टिकचा बोगदा करायचा, एका तोंडाला कूलर लावायचा, दुसरं तोंड उघडं. आतल्या पालकाला फक्त गाळलेली हवा. बाहेरच्या देशांत असे प्रयोग मोठ्या खर्चाने करतात. देशमुख सरांना सांगितलं. ते म्हणाले, शाळेचं प्रदर्शन आहे का हे? पण कोळशाचं पोतं त्यांनीच काढून दिलं, आणि 'यंत्रातील दोष' हे वाक्य अहवालातून काढून ठेवलं. सरांचा हा मोठेपणा मी कधी विसरणार नाही. आपली चूक असेल हे मान्य करायला साहेब लोकांना फार कष्ट पडतात.

गुरुजींना योजना सांगितली. ते म्हणाले, एक कूलर नाही चालायचा. उद्या कोणी म्हणेल, कूलरच्या वाऱ्यानेच पालक सुधारला. दोन लावा. एकात कोळसा, दुसरा रिकामा. बाकी सगळं सारखं. आणि पुढे जे म्हणाले त्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात हात जोडले.

"दोन्ही वाफ्यांले पाणी माह्या बारीचं द्या. सगळं माह्याच बारीचं."

शेवंताबाईंना विचारायला मीच गेले. त्या लगेच हो म्हणाल्या नाहीत. कोळशाचा कूलर कुठल्या वाफ्याला लावायचा ते मी सांगणार, म्हणाल्या. सांगा. पालक तुम्ही कापायचा नाही, मीच कापणार. कापा. मास्तरने वाफ्यात पाय ठेवायचा नाही. गुरुजी धुऱ्यावरून म्हणाले की नाही ठेवणार. मग दुसरा कूलर कुठून आणायचा हा प्रश्न आला, कारण गुरुजींकडे एकच होता. बाई उठून गेल्या आणि आपल्या घरातला कूलर बैलबंडीत घालून घेऊन आल्या. एप्रिलात! ज्यांनी अमरावतीचा एप्रिल पाहिला आहे त्यांना ह्या त्यागाची किंमत कळेल.

गावाला तर महिनाभराची करमणूक झाली. पालकाले कूलर लावला, आता वांग्याले पंखा लावा, असं जाता-येता लोक ओरडायचे. काही जण तर नुसते बोगद्याच्या उघड्या तोंडाशी येऊन वारा खात बसायचे, त्यांना शेवंताबाई हुसकून लावायच्या. दोन्ही वाफे त्यांनी बुंध्यापाशी सारखे कापले होते. पालक कापला की पुन्हा फुटतो, त्या नव्या पानांवर सगळी मदार. भर दुपारी लाइन गेली की माझा जीव खालीवर व्हायचा, कारण ओझोन दुपारीच जास्त. गुरुजी आपल्या प्रत्येक बारीला पंप चालू करायचे आणि धुऱ्यावर उभे राहायचे. पाणी दोन्ही वाफ्यांत गेलं की बंद करायचे. वाफ्यात पाय ठेवला नाही.

मला त्या दिवसांत झोप नीट लागत नव्हती, खोटं कशाला बोलू. कोळसा कमी पडला असता, प्लास्टिक फाटलं असतं, आत दुसराच काही रोग पडला असता, तर एका माणसाचं नाव आणि एक विहीर माझ्या हुशारीपायी गेली असती. प्रयोगशाळेत प्रयोग फसला की पुन्हा करता येतो. इथे दुसऱ्यांदा कोणी कूलर दिला नसता.

पानं मोठी झाली तेव्हा बाईंनी निरोप पाठवला. मी गेले, सरही आले. बाईंनी आधी रिकाम्या कूलरचं प्लास्टिक वर केलं. पानं टवटवीत, आणि त्यांच्यावर तेच ठिपके. मग त्या दुसऱ्या बोगद्याकडे गेल्या. प्लास्टिक उचललं आणि उकिडव्या बसल्या.

एक पान उलटलं, सुलटलं. दुसरं. तिसरं. वाफ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या बसल्या बसल्या सरकत गेल्या. तेच बियाणं, तेच पाणी, तोच वारा कूलरचा. पान हिरवंगार, एक ठिपका नाही. धुऱ्यावर गुरुजी काठी धरून उभे होते आणि मान दुसरीकडे होती.

ह्या प्रकरणाचा पुढचा हिशोब आधी उरकते, म्हणजे शेवटी मला विहिरीवर थांबता येईल. आमचे आकडे रद्द झाले नाहीत, अहवाल गेला, आणि गावाकडची हवा शहरापेक्षा चांगलीच असते हे आम्ही आमच्यापुरतं तरी गृहीत धरणं सोडलं. त्याने अमरावतीच्या गाड्या कमी झाल्या का? नाही. पराट्या जळायच्या थांबल्या का? थोड्या, त्या एका गावात. ह्याची खंत आहे. हवा बदलते ती सगळ्यांनी मिळून बदललेली असते आणि निस्तरायच्या वेळी एकटा कोणी धुऱ्यावर उभा असतो. पण माझं नशीब असं की मला ह्या कामात असे लोक भेटले. कोणी गच्ची दिली, कोणी वीज दिली, कोणी भर उन्हाळ्यात घरातला कूलर दिला. मी निवृत्त झाले तेव्हा सत्कारात मला शाल मिळाली, भाषणं झाली. मला मात्र सारखी आठवत होती ती वाळ्याची ताटी. गुरुजींनी ती बांधली नसती तर मी त्या वावराकडे बघितलंही नसतं. त्यांच्या भोळ्या पाहुणचाराचं हे ऋण माझ्यावर कायमचं आहे, आणि ते फेडायची मला इच्छाही नाही.

तर शेवंताबाई वाफ्यातून उठल्या. पदराने हात पुसले. त्यांनी कोळशाच्या वाफ्यातल्या पानांची एक जुडी कापली, बांधली आणि धुऱ्याकडे चालत गेल्या. आम्हाला वाटलं, आता काही बोलतील. चुकलं म्हणतील, रडतील. वऱ्हाडी बाई ती. तिने जुडी गुरुजींच्या हातात दिली आणि विहिरीकडे बघत विचारलं,

"गुरुजी, उद्या बारी तुमची हाये ना?"

कितीतरी दिवसांनी ती 'गुरुजी' म्हणाली होती. गुरुजींनी नुसती मान हलवली.

"मंग सकाळीच पंप चालू करा. पाणी मीच घेईन."

"अवं वयनी," गुरुजी म्हणाले, "मॅडमनं सांगतलं ना. माह्या बारीचं पाणी घेतलं तं पानं जास्त वारा खातीन. पुन्हा डाग पडतीन."

"पडू दे," शेवंताबाई म्हणाल्या. "बाजारात सांगीन मी, हे डाग अमरावतीचे हायेत. आमच्या इहिरीचे नाईत."

आणि त्या वळून रिकाम्या कूलरची वायर गुंडाळायला लागल्या, कारण तो कूलर त्यांना घरी न्यायचा होता आणि मे महिना लागला होता.